एका खोलीच्या बदल्यात किती रील?

[दृश्य: पहाटेचं सोलापूर स्टेशन. बॅगा, रिक्षा, चहाची वाफ.]

इथं उतरलेल्या बऱ्याच जणांना सोलापूर बघायचं नसतं. कुणाला अक्कलकोट गाठायचं असतं, कुणाला तुळजापूर, कुणाला पंढरपूर. स्टेशनजवळच्या लॉजवाल्याला हाच प्रवासी एक रात्र जास्त थांबायला हवा असतो. रील करणाऱ्यांनी नेमकं तेच द्यावं: संध्याकाळी सिद्धेश्वर तलाव, सकाळी भुईकोट, जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. नुसती खोली दाखवून कुणी थांबत नाही.

[दृश्य: लॉजचा काउंटर, किल्ल्यांचा फळा.]

रीलच्या बदल्यात फुकट खोली कधी मागायची, हे वारावर ठरतं. गुरुवारी अक्कलकोटची गर्दी, मंगळवार-शुक्रवारी तुळजापूरची. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा; आषाढी-कार्तिकीचं तर नावच नको. भरल्या दिवशी फुकट खोली कोण देईल?

बोलणी "प्रमोशन करून देतो" एवढ्यावर थांबली की भांडण ठरलेलं. मालक मनात पाच रील धरतो, रील करणारं पोरगं एक. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्यायचं: दोन रात्री, नाश्त्यासह, बदल्यात 45 सेकंदांची एक रील, दहा फोटो, अमुक तारखेपर्यंत. दुरुस्ती एकदाच. मालक तोच व्हिडिओ स्वतःच्या जाहिरातीत किती दिवस चालवणार, हेही आत्ताच ठरवा. नंतर विचारलं तर वाईटपणा येतो.

[दृश्य: सकाळी आठ. खिडकीतून पलंगावर ऊन, त्यावर घडी घातलेला सोलापुरी टॉवेल.]

खोली या उजेडात घ्या. ट्यूबलाइटखाली चादर पिवळट दिसते. बाथरूम टाळू नका, कुटुंब घेऊन येणारा आधी तेच बघतो. गरम पाणी ठरावीक वेळेतच येत असेल, तर ती वेळ सांगून टाका.

फुकट मुक्कामही मोबदलाच. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे ही जाहिरात आहे असं सांगणारं लेबल स्पष्ट दिसायला हवं. 15 सेकंदांच्या वर आणि दोन मिनिटांच्या आतला व्हिडिओ असेल तर एकतृतीयांश वेळ, म्हणजे 45 सेकंदांच्या रीलमध्ये 15 सेकंद. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेलं लेबल चालत नाही.

सहलवाल्यांचा हिशेब वेगळा. व्ह्यूज लाखभर झाले तरी गाडीत माणसं बसतीलच असं नाही. म्हणून रील करणाऱ्या प्रत्येकाला वेगळा सवलतीचा कोड द्या, म्हणजे कुणाच्या रीलमुळे किती सीट भरल्या ते कळतं. कमिशन बुकिंगवर नको, प्रवास झालेल्या सीटवर. रद्द झालेल्या सीटचा वादच उरत नाही.

[दृश्य: नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीवरचा बंधारा, पाणीमहाल, कोसळणारे नर-मादी धबधबे.]

सगळ्यात महागात पडते ती इथली रील. पावसाळ्यात बंधारा भरून वाहतो तेव्हाच हे दृश्य मिळतं. ऑगस्टमधली रील एप्रिलमध्ये फिरायला लागते, लोक गाडी करून येतात, समोर कोरडा दगड. शिव्या खातो सहलवाला. तेव्हा पडद्यावर पहिल्याच फ्रेममध्ये टाका: ‘चित्रीकरण ऑगस्टमधलं.’