तेलाविना अर्धा तास

सोलापूरच्या पूर्व भागातली ही पॉवरलूमची शेड. माग सुरू होण्याआधी जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, तेलाची बुधली घेऊन प्रत्येक मागापाशी थांबतो. चालू मागाच्या बेअरिंगजवळ तळहात टेकवतो. चटका बसला, की माग बंद. चादर अर्धी राहिली तरी चालेल.

हेलिकॉप्टर हवेत असताना असं बंद करता येत नाही.

इंजिनाचा शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो, डोक्यावरची पाती काही शेच. मधला सगळा भार गिअरबॉक्सवर. इंजिन बंद पडलं तरी खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात, वैमानिक उतरवू शकतो. गिअरबॉक्स मोडला तर हातात काहीच राहत नाही.

म्हणून उड्डाणातलं सगळं आधी जमिनीवर भोगायला लावतात. हेलिकॉप्टर साखळ्यांनी जखडतात, कंट्रोल हलवत इंजिन पूर्ण ताकदीवर नेतात, परत खाली आणतात. मोठ्या प्रवासी हेलिकॉप्टरच्या ड्राइव्हसाठी, म्हणजे इंजिनाची ताकद पात्यांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेसाठी, अमेरिकी नियमांत अशी किमान २०० तासांची चाचणी आहे, १०-१० तासांच्या फेऱ्यांत. पात्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज प्रत्येक ताण नोंदवत असतात.

आणि एक चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गिअरबॉक्समधलं तेल काढून टाकायचं आणि तो ३० मिनिटं चालतो का, ते बघायचं.

सिकॉर्स्की एस-९२ या हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सला पहिल्या चाचणीत हे जमलं नव्हतं. तेल गळण्याची शक्यता अत्यंत दुर्मीळ, असं मानून नियमातल्या सवलतीवर त्याला मान्यता मिळाली. १२ मार्च २००९. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ समुद्रावर तेलाचा दाब गेला. वैमानिकांनी किनाऱ्याकडे वळवलं. ११ मिनिटांत हेलिकॉप्टर पाण्यात. १८ पैकी १७ जण गेले.

हे मी जॉबरला सांगितलं. हात पुसत त्यानं एवढंच विचारलं, "तेल गेलं कुठनं?"

फिल्टरचं झाकण धरून ठेवणारे टायटॅनियमचे स्टड, म्हणजे बोल्टसारखे आटे असलेले दांडे, तुटले होते. बोटाएवढे. नंतर ते पोलादाचे बसवले.

जॉबर थोडा वेळ गप्प राहिला. मग वाकून त्यानं शेजारच्या मागाचा नट पान्यानं पाव फेरा आवळला.