‘दिसलाच नाही हो!’

[दृश्य: चौकात थांबलेली कार, आतून. चालकाची मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. फक्त इंजिनाचा आवाज.]

निवेदन:
मान उजवीकडे गेली, डावीकडे गेली. रस्ता मोकळा वाटला. क्लच सुटला, कार पुढे सरकली. आणि ज्या बाजूला आत्ताच बघून झालं होतं, नेमक्या त्याच बाजूने मोटारसायकल येऊन आदळली.

अशा अपघातानंतर कारचालकाच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. “मला दिसलाच नाही हो! एकदम कुठून आला, कळलंच नाही.” ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं. भरदिवसा, सरळ रस्त्यावर, दिवा लावून आलेली मोटारसायकल दिसली नाही म्हणजे काय?

माझं मत विचाराल तर तो माणूस बहुतेक वेळा खरं बोलत असतो. म्हणून तर ही गोष्ट जास्त काळजीची आहे. बेपर्वाईला दंड करता येतो. नीट बघूनही न दिसण्यावर दंडाचा काय उपयोग? ते कसं घडतं हे आधी समजून घ्यावं लागतं.

[दृश्य: डोळ्याचा अगदी जवळून घेतलेला शॉट. बुबुळ झटक्याझटक्याने सरकतंय.]

निवेदन:
मान फिरवताना आपला डोळा सगळा रस्ता सलग टिपत चाललाय, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो उड्या मारत जातो. एका जागी टेकतो, उडी मारतो, पुढच्या जागी टेकतो. उडी चालू असताना मेंदू दृश्य जवळजवळ बंदच ठेवतो, नाहीतर आपल्याला सगळं फरफटलेलं दिसलं असतं. राहिलेल्या मधल्या जागा तो आजूबाजूच्या चित्रावरून भरून काढतो. मान जितकी झटक्यात फिरते, तितक्या उड्या लांब पडतात आणि टेकायच्या जागा कमी होतात. दोन जागांमधल्या त्या फटीत ट्रक मावत नाही. मोटारसायकल मावते.

[दृश्य: चालकाच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरा. समोरच्या काचेच्या कडेचा खांब. त्यामागून हळूच बाहेर येणारा हेल्मेटचा गोल.]

निवेदन:
हा बघा, काचेच्या कडेचा खांब. कार उलटली तर छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून तो भक्कम असावाच लागतो. पण थोड्या अंतरावरची अख्खी मोटारसायकल, तिच्यावरच्या माणसासकट, त्याच्यामागे झाकली जाते. कार सरकत असेल आणि दोघांच्या वेगाचा मेळ बसला, तर ती सेकंदामागून सेकंद झाकलेलीच राहते. यावर उपाय फार साधा आहे. पाठ सीटपासून सोडवायची, पुढे वाकायचं आणि खांबाच्या पलीकडे डोकावायचं. ही सवय लागलेला चालक चौकात शेजारी बसलेल्याला जरा चमत्कारिक वाटतो. वाटू द्या.

समजा, मोटारसायकल दिसली. तरी आणखी एक घोटाळा होतो. आकाराने लहान वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा लांब वाटते आणि पोहोचायला जास्त वेळ घेईल असंही वाटतं. सरळ आपल्या दिशेने येणारी मोटारसायकल बराच वेळ ठिपक्याएवढीच राहते आणि शेवटच्या क्षणांत भसकन मोठी होते. ‘एकदम कुठून आला’ हे वाक्य तिथून येतं. रात्री तर एकच दिवा असतो. कारचे दोन दिवे जवळ येताना एकमेकांपासून लांब होत जातात, त्यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. एका दिव्यावरून काय अंदाज बांधणार?

[दृश्य: सिम्युलेटरमध्ये बसलेला चालक. समोर पडद्यावर चौक.]

निवेदन:
मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चालकांना सिम्युलेटरवर चौक ओलांडायला लावलं आणि त्यांची नजर कुठे जाते याची नोंद ठेवली. काही वेळा नजर थेट मोटारसायकलवर पडलेली होती. तरी काही क्षणांनी विचारलं, तर मोटारसायकल त्यांच्या आठवणीतच नव्हती. बघितली, आणि दुसऱ्या बाजूला बघेपर्यंत विसरली. त्या संशोधकांनी सुचवलेला उपाय मला फार आवडला, कारण त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. मोटारसायकल दिसली की तोंडाने म्हणायचं, “दुचाकी.” मनातल्या मनात नाही, मोठ्याने. डोळ्यांनी पाहिलेलं पुसलं जातं, पण तोंडाने उच्चारलेलं काही क्षण टिकतं. आणि गरज असते ती तेवढ्या क्षणांचीच.

[दृश्य: मोटारसायकलच्या हँडलवरून पुढचा रस्ता. दूरवर, कडेच्या फाट्यावर थांबलेली कार.]

निवेदन:
आता आपण हँडलच्या मागे येऊ.

अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला. अहवाल 1981 मध्ये आला. सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली होती. त्यांपैकी दोन तृतीयांश टकरींत आधी जायचा हक्क मोटारसायकलचा होता आणि समोरच्याने तो मोडला होता. मात्र जे अपघात मोटारसायकल एकटीच असताना झाले, त्यांत बहुतेकदा चूक स्वाराचीच होती, हेही तोच अहवाल सांगतो.

पण त्या अहवालातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. धोका सुरू झाल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराच्या हातात साधारण किती वेळ असतो? दोन सेकंदांपेक्षाही थोडा कमी.

हिशोब मांडून बघू. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, सावध स्वार. कार आडवी आली तेव्हा तो 27 मीटरवर आहे. ताशी 48 किलोमीटरने येत असेल, तर हात लिव्हरपर्यंत जाण्याच्या एका सेकंदात 13 मीटर संपतात आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला आणखी 13 मीटर लागतात. तो कारच्या दाराजवळ, अगदी काठावर थांबतो. आता वेग फक्त 12 किलोमीटरने वाढवा. ताशी 60. पहिल्या सेकंदातच जवळजवळ 17 मीटर गेले. उरलेल्या दहा मीटरमध्ये ब्रेक लावून लावून किती लावणार? तो दारावर ताशी सुमारे 40 किलोमीटरने आदळतो.

[दृश्य: उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर. पुढचा सस्पेन्शन दबतो.]

निवेदन:
आणि त्या एका सेकंदानंतर बोटं काय करतात? हर्ट यांच्या पथकाला आढळलं की घाबरलेला स्वार मागचा ब्रेक करकचून दाबतो आणि पुढचा हवा तितका वापरत नाही. मागचं चाक लॉक होऊन घसरतं. पुढच्या ब्रेकची भीती अनेकांना सुरुवातीलाच कुणीतरी घातलेली असते. खरं म्हणजे गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. फक्त लिव्हर एकदम खेचायचा नाही. भार पुढे यायला क्षणभर द्यायचा आणि मग दाब वाढवत न्यायचा. हे वाचून येत नाही. मोकळ्या जागेत, कमी वेगात, पुन्हा पुन्हा करून बोटांना शिकवावं लागतं. 1988 मध्ये बीएमडब्ल्यूने मोटारसायकलला एबीएस, म्हणजे ब्रेकचा दाब आपोआप सांभाळणारी यंत्रणा, दिलं, तेव्हापासून चाक लॉक होऊ न देण्याचं काम यंत्राकडे सोपवता येऊ लागलं. तुमच्या गाडीला ते असेल तर उत्तमच. सराव तरीही करा.

दिसण्याची जबाबदारी काही अंशी स्वाराचीही आहे, असं म्हटलं की बरेच स्वार चिडतात. चूक समोरच्याची आणि चमकदार जाकीट आम्ही का घालायचं? राग रास्त आहे. पण न्यूझीलंडमधल्या ऑकलंड परिसरातला, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ऐका. परावर्तक किंवा फ्लुरोसंट कपडे घालणाऱ्या स्वारांना जखमी होण्याचा धोका 37 टक्क्यांनी कमी होता. दिवसा दिवा लावणाऱ्यांना 27 टक्क्यांनी. काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना 24 टक्क्यांनी.

[दृश्य: जुनं हेल्मेट, उभं कापलेलं. आतला पांढरा फोमचा थर, एके ठिकाणी चेपलेला.]

निवेदन:
13 मे 1935. इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स, जग ज्यांना ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखतं, मोटारसायकलवरून घरी परतत होते. समोर सायकलवरची दोन मुलं आली. त्यांना वाचवताना लॉरेन्स फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदूशल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पिच्छा पुरवला आणि 1941 मध्ये हेल्मेटचं महत्त्व मांडणारा लेख प्रसिद्ध केला. ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलवरून निरोप पोहोचवणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आलं, त्यामागे केर्न्स यांचं काम होतं. तिथल्या सामान्य स्वारांना मात्र सक्ती व्हायला 1973 उजाडलं.

हा चेपलेला थर बघा. डोक्याला बसणारा मार त्याने स्वतःवर घेतला आहे. तो एकदाच चेपतो, पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही कोरं दिसलं तरी बाद झालं. पट्टा न लावलेल्या हेल्मेटबद्दल काय बोलू? पहिल्याच गचक्याला ते उडून जातं.

[दृश्य: मोटारसायकलचं मागून दृश्य. वेग कमी होतोय. ब्रेकचा दिवा लागलेला नाही.]

निवेदन:
मागून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी कारमध्येच वाढलेल्या चालकाला सहसा माहीत नसते. मोटारसायकलस्वार नुसता ॲक्सिलरेटर सोडून किंवा गिअर उतरवूनही वेग बराच कमी करतो आणि तेव्हा मागचा लाल दिवा लागत नाही. शिवाय तुमच्या चार चाकांना न जाणवणारी वाळू, सांडलेलं डिझेल, ओला रंगीत पट्टा त्याला पाडू शकतो. ते चुकवायला तो अचानक बाजूला सरकतो. त्याला उगीच कट मारायची हौस असते असं नाही. तीन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात जास्त.

[दृश्य: पुन्हा तोच चौक, आता स्वाराच्या नजरेतून. थांबलेली कार. कॅमेरा चालकाच्या चेहऱ्यावरून खाली, पुढच्या चाकावर येतो.]

निवेदन:
अनेक स्वार सांगतात, “त्याने माझ्याकडे बघितलं होतं, म्हणून मी निघालो.” बघितलं असेलही. पण नजर मिळाली म्हणजे नोंद झाली असं नसतं, हे आपण मघाशी पाहिलं. म्हणून चेहऱ्यावर विसंबू नका, कारच्या पुढच्या चाकाकडे बघा. कार सरकू लागली की चाकाची तार किंवा नटबोल्ट लगेच फिरताना दिसतात. तोवर वेग उतरवलेला, दोन बोटं लिव्हरवर.

[कारमध्ये. चालक पुढे वाकतो, खांबापलीकडे बघतो. नजर थांबते.]

चालकाचा आवाज: दुचाकी.

[चाकाचा जवळून शॉट. चाक हलत नाही. मोटारसायकल समोरून निघून जाते.]