साठ लाखांच्या घराला हातात किती हवेत?

मंडळी, सुरुवात हिशेबानेच करते. पुणे महापालिकेच्या हद्दीत बांधकाम चालू असलेला एक फ्लॅट. करारनाम्यातली किंमत ६० लाख. बँक ८० टक्के देणार, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख आपले. तेवढे जमले की आपण बिल्डरच्या ऑफिसात जातो आणि टोकन देऊन येतो. गृहकर्जाच्या टेबलावर मी वीस वर्षं बसले. माणसं अडतात ती बहुतेक वेळा इथेच.

आता पुढचं लिहून घ्या. पुण्यात मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के पडतं: मूळ ५, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १. मुंबईत ते ६ टक्के आहे. आपल्या ६० लाखांवर झाले ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. हे साडेचार लाख. आणि ग्यानबाची मेख पुढेच आहे. घर १० लाखांच्या वरचं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून कर्ज देता येत नाही. म्हणजे हे साडेचार लाख पूर्णपणे तुमच्या खिशातून. बारा नव्हे, साडेसोळा लाख हवेत.

त्यावर जीएसटी. बांधकाम चालू असलेल्या घराला ५ टक्के, म्हणजे ३ लाख. पुण्यात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं (भिंतींच्या आतलं, प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र) आणि ४५ लाखांपर्यंतचं घर असेल तर १ टक्का. मुंबई महानगर प्रदेशात क्षेत्राची ही मर्यादा ६० चौरस मीटर आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या घराला आणि रीसेलला जीएसटी नाही. कर्ज ठरवताना बँक जीएसटी किमतीत धरते का, हे टोकन देण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एक जोडपं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. दोघंही नोकरीला, एक लहान मुलगी, भाड्याचं घर. बारा लाख त्यांनी सहा वर्षांत साठवले होते. दस्ताची तारीख ठरली आणि मुद्रांक शुल्काचं चलन समोर आलं. तिने आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या, त्याने वैयक्तिक कर्ज काढलं. त्या कर्जाचा हप्ता सुरू झाल्यावर गृहकर्जाची पात्रता कमी झाली आणि बँकेने मंजूर रक्कम खाली आणली. म्हणजे भोक बुजवायला घेतलेल्या पैशाने भोक आणखी मोठं केलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण हे सगळं आधी अर्ध्या तासात कागदावर मांडता आलं असतं आणि ते मांडायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून टोकनच्या वेळी घाई करू नका. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याचं, १३ वं कलम. 'आत्ता वीस टक्के भरा, रेट वाढणार आहे' असं कुणी म्हटलं तर हे कलम त्याला दाखवा.

आणखी एक. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे त्या भागासाठी सरकारने ठरवलेल्या दराने येणारी किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं. रीसेलमध्ये घासाघीस करून स्वस्तात घेतलं तरी शुल्क कमी होईलच असं नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. आपल्या उदाहरणात ६० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती जाते.

रीसेलमध्ये दलालीचे एक-दोन टक्के धरा. महापालिका क्षेत्रात सोसायटीला हस्तांतरणाचा प्रीमियम २५ हजारांहून जास्त घेता येत नाही. 'देणगी' म्हणून लाखभर मागितले तर मुकाट्याने देऊ नका. वकिलाकडून तीस वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीहक्काच्या जुन्या कागदांची तपासणी, मात्र करून घ्याच. त्या पैशात काटकसर करणं मला कधीच पटलेलं नाही.

नव्या इमारतीत ताबा घेताना एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ मागतात. वीजजोडणी आणि सोसायटी स्थापनेचा खर्च वेगळा. बांधकाम चालू असेपर्यंत, बँकेने जेवढी रक्कम दिली तेवढ्याचं व्याज सुरू होतं, आणि तुमचं घरभाडंही चालूच असतं. ताबा सहा महिने लांबला तर दोन्ही सहा महिने. हा आकडा बिल्डरच्या कोटेशनमध्ये येत नाही, तो आपणच लिहायचा. घरी गेल्यावर आजच एक वही घ्या, पहिल्या पानावर हे सगळं मांडा, आणि ती वही घेऊन मगच सॅम्पल फ्लॅट बघायला जा.