मिसाइल लावणारे हात

[दृश्य: तारकर्लीचा किनारा, गर्दी, डोक्यावरून जाणारं मिग-29के]

4 डिसेंबर 2023. त्या वर्षीचा नौदल दिन मालवणला झाला. सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर युद्धनौका उभ्या, आणि वर नौदलाचं लढाऊ विमान, मिग-29के. पोरं बापाच्या खांद्यावर, फोन हवेत, आणि विमान गेल्यावर उठलेली ती आरोळी.

डॉगफाइट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेच येतं. दोन विमानं, गिरक्या, पाठलाग. प्रत्यक्षात आज दोन वैमानिकांना एकमेकांची विमानं दिसतीलच असं नाही.

[दृश्य: मालवणजवळची वाडी, खळ्यात बसलेले काका, हातांचे क्लोज-अप]

काका नौदलातून निवृत्त झाले. सगळी नोकरी आर्मामेंटमध्ये, म्हणजे विमानाला दारूगोळा लावण्यात. बोलताना दोन्ही तळहातांची विमानं होतात. डावा शत्रूचा, उजवा आपला. उजवा हात डाव्याच्या शेपटीमागे जातो. इंजिनाची धग तिथे, म्हणून जुन्या मिसाइलला तिथूनच मारावं लागे. डावा हात करकचून वळतो. आता बघा, वळणाने जीव वाचतो, पण वेग जातो. आणि वेग गेलेलं विमान आयतं सापडतं. शिवाय आतल्या माणसाचे हाल वेगळेच. 9 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोर; तेव्हा 70 किलोच्या माणसाला स्वतःचं वजन 630 किलो वाटतं. डोक्यातलं रक्त पायांकडे उतरू नये म्हणून पायांना आणि पोटाला आवळणारा जी-सूट असतो.

काका मध्येच थांबतात. "विमान ता नुसता घेवन जाता. काम करता ता मिसाइल."

[दृश्य: बोगमाळो, नौदल विमानवाहन संग्रहालय, सी हॅरियर]

गोव्यातल्या दाबोळीच्या नौदल तळावर कॅमेरा नेता येत नाही. म्हणून आम्ही काकांना घेऊन शेजारच्या बोगमाळोला गेलो. हे सी हॅरियर, विमानवाहू नौकेवरून उडणारं जुनं लढाऊ विमान. 1982च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांच्या सी हॅरियरांनी साइडवाइंडर मिसाइलच्या जोरावर अर्जेंटिनाची विमानं पाडली; हवाई झुंजीत स्वतःचं एकही गमावलं नाही. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपली पहिली सी हॅरियर दाबोळीला उतरली. आपल्याकडे त्यांना फ्रेंच मॅजिक मिसाइल लावायचे. वजन सुमारे 90 किलो, आणि नाकावर काचेसारखा गोल घुमट.

[दृश्य: पंखाखाली वाकलेले काका]

त्या घुमटाआड उष्णता हेरणारा डोळा असतो. तो आधी थंडगार करावा लागतो. स्वतःच तापलेला असेल तर दुसऱ्याची धग त्याला कशी कळणार? लक्ष्य सापडलं की वैमानिकाच्या कानात गुरगुर सुरू होते. समोरचा फ्लेअर सोडून भलतीच आग दाखवतो, आणि डोळा फसू शकतो. आता यात कोकणची हवा घाला. समुद्रावरून येणारं मीठ त्या घुमटावर बसतं. ते पुसायचं, ओरखडा न पाडता. जोडण्या तपासायच्या, सुरक्षेच्या पिना मोजायच्या, लाल फिती काढल्या का बघायचं. चुकून एक राहिली तर मिसाइल पंखालाच चिकटून परत येणार. ही माणसं कुठल्या पोस्टरवर नसतात. आमच्या चित्रणात मात्र आहेत, मुद्दाम.

सी हॅरियर 2016 साली निवृत्त झाली. ताफ्यातली निम्म्याहून अधिक विमानं अपघातांत गेली, काही वैमानिकही.

[दृश्य: आकाशात रेघ ओढत जाणारी विमानं, मग ॲनिमेशन]

मिग-29केच्या वैमानिकाला शत्रूच्या शेपटीमागे जाण्याचीही गरज नाही. हेल्मेटवरच्या यंत्रातून तो बाजूला नुसतं बघतो, आर-73 मिसाइलचा डोळा तिकडे वळतो. ही झाली जवळची लढाई. लांबच्या लढाईत विमानाचं रेडार लक्ष्य शोधतं, मिसाइल सुटतं, वाटेत त्याला ताजी माहिती मिळत राहते आणि शेवटच्या टप्प्यात ते स्वतःचं रेडार चालू करतं. पण त्याची मोटर थोडेच सेकंद जळते. पुढचा सगळा प्रवास कमावलेल्या वेगावर. म्हणून समोरचा पाठ फिरवून पळतो, मिसाइलचा दम संपवतो. किंवा रेडारला आडवा होऊन उडतो. लक्ष्य किती वेगाने जवळ किंवा लांब जातंय यावरून ओळखणाऱ्या डॉपलर रेडारला मग तो जमिनीच्या गर्दीतून वेगळा काढता येत नाही. मिसाइल लागेल का, हे बरंचसं ते कुठून आणि किती वेगात सोडलं यावरच ठरलेलं असतं. गिरक्यांना नंतर फारसा वाव नाही.

27 फेब्रुवारी 2019ला पाकिस्तानशी झालेल्या चकमकीनंतर आपल्या हवाई दलाने पत्रकारांपुढे ठेवला तो अमेरिकी ॲमराम मिसाइलचा तुकडा. मे 2025मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षात पंजाबच्या शेतांत सापडले चिनी पीएल-15 मिसाइलचे अवशेष. पुरावा म्हणून हाती आलं ते मिसाइलच.

तोफ मात्र बहुतेकांनी काढलेली नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने मिसाइलवर भिस्त ठेवून सुरुवातीची फँटम विमानं तोफेविना पाठवली आणि हात पोळून घेतले. मिग-29केमध्ये 30 मिमीची तोफ आहे, आणि तीही साफ करावी लागते.

[दृश्य: परत खळ्यात, काका फोनवर राफेलचं चित्र बघताना]

एप्रिल 2025मध्ये नौदलासाठी 26 राफेल-एम लढाऊ विमानांचा करार झाला. या विमानाचं लांबचं मिसाइल मिटिऑर. ते वाटेत हवा ओढून इंधन जाळत राहतं, त्यामुळे शेवटपर्यंत त्याच्यात जोर उरतो आणि पळणाऱ्याची पंचाईत होते. काकांना आम्ही चित्र दाखवलं. त्यांनी ते बोटांनी मोठं केलं, मिसाइलच्या हवा आत घेणाऱ्या तोंडांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हेतूर मीठ गेला तर पुसतलो कोण?"