'सेटल' झालं म्हणजे सुटलो?

नमस्कार श्रोतेहो.

बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षं गेली. तिथला एक प्रसंग सांगतो. एक गृहस्थ घरकर्जासाठी आले होते. पगार बरा, कागदपत्रं चोख. मी सिबिल काढला, म्हणजे माणूस कर्ज कसं फेडतो ते सांगणारा रिपोर्ट आणि स्कोअर, तर आकडा ६१२. त्यांचा चेहराच उतरला. "साहेब, माझं एकही कर्ज थकलेलं नाही. क्रेडिट कार्डाचं होतं, ते केव्हाच मिटवलं," म्हणाले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घडीवर झिजलेलं एक पत्र काढलं. कार्डाची थकबाकी ४८ हजार, तडजोड २० हजारांवर. त्यांच्या लेखी विषय संपला होता. रिपोर्टात मात्र त्या कार्डापुढे शब्द होता, 'सेटल्ड'.

आता गंमत बघा. पोरगा सेटल झाला म्हटलं की आपण पेढे वाटतो. कर्जाच्या रिपोर्टात हाच शब्द सांगतो की या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत, उरलेल्यावर बँकेनं पाणी सोडलं. पुढचा कर्ज देणारा तिथेच थबकतो. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' हवं. 'रिटन ऑफ', म्हणजे बँकेनं कर्ज बुडीत धरलं, ते तर त्याहून वाईट. आणि ती कर्जमाफी नव्हे, बँक वसुलीला येऊ शकते.

वसुलीवाल्यांच्या फोनांनी माणूस कावतो आणि तडजोडीवर सही करतो, हे मी जवळून पाहिलंय. त्याला दोष देववत नाही. पण सही करण्याआधी एवढंच विचारा, "रिपोर्टात काय लिहून जाणार?"

आकड्याविषयी थोडक्यात. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि साडेसातशेच्या वर असला की बँका सहसा खळखळ करत नाहीत. 'सिबिल' हे खरं तर एका कंपनीचं नाव. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. म्हणून दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर घाबरू नका. २०१७ पासून प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्यानं स्कोअर घसरत नाही. एकदम पाच-सहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले तर मात्र घसरू शकतो.

रिपोर्ट हातात आला की आकडा नंतर बघा. आधी खात्यांची यादी वाचा. एखादं कर्ज तुम्ही घेतलेलंच नसतं. कधी ते मेहुण्याचं असतं आणि तुम्ही जामीनदार! नात्यात नाही म्हणवत नाही, सही होऊन जाते, आणि ते कर्ज तुमच्याही रिपोर्टात येऊन बसतं. त्यानं हप्ते बुडवले की डाग तुम्हालाही.

नोंद चुकीची असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही लेखी द्या, कारण बँकेनं दुजोरा दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही. मुदत ३० दिवसांची. ती उलटली तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई तुमच्या हक्काची आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

पण नोंद खरी असेल तर? "आठ दिवसांत सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. खरी नोंद त्याच्या बापाला पुसता येत नाही.

आमच्या गृहस्थांनी दुसरी वाट धरली. त्याच कार्डाच्या बँकेत गेले, उरलेले २८ हजार भरायची तयारी दाखवली, नोंद बदलण्याचं आधी लेखी घेतलं, मगच पैसे भरले. काही आठवड्यांनी 'सेटल्ड'च्या जागी 'क्लोज्ड' आलं. आकडा लगेच उडी मारून वर गेला नाही, पुढे वर्षभर वेळेवर हप्ते भरत हळूहळू चढला. ते परत आले तेव्हा पिशवी तीच होती, आत नो ड्यूजचा, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला. फाइल उघडायच्या आधी मी त्यांना समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं, दोन प्रती काढून आणायला.