मापातली मूठ

(पडद्यावर अंधार. पत्र्याच्या डब्यात तांदूळ पडल्याचा आवाज.)

हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आलोय. तांदळाची एक मूठ, पत्र्याचा डबा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रोज दोन वेळा.

(दृश्य : कोल्हापुरातलं एक घर. स्वयंपाकघर. ओट्यापाशी आई.)

ही माझी आई. वय 68. माहेर आजऱ्याकडचं, त्यामुळं आमच्याकडं तांदूळ अजून घनसाळच येतो. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आईच्या लेखी त्याचं मानांकन त्याच्या वासात आहे. भात शिजायला लागला की जिन्यात कळतं.

आता तिच्या हाताकडं बघा. दोन वाट्या तांदूळ तिनं मोजून ताटात घेतले. त्यातली एक मूठ काढली, ओठातल्या ओठात नमो मरिया ही मरियामातेची प्रार्थना म्हटली आणि मूठ डब्यात सोडली. उरलेले तांदूळ धुवायला घेतले. माप पुन्हा भरलं नाही.

मी शाळेत असताना विचारलं होतं, "आई, मूठभर जास्त घेऊन डब्यात टाकलं की झालं. भात कशाला कमी करायचा?"

ती म्हणाली, "मग आपलं काय गेलं?"

(दृश्य : चर्चचं आवार. सकाळ. रांग.)

5 मार्च 2025. राखेचा बुधवार. उपवासकाळाचा पहिला दिवस. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद घेऊन घरी नेलेल्या झावळ्या लोक परत आणून देतात, त्या जाळून ही राख केलेली असते. फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि म्हणतात, लक्षात ठेव, तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस.

कोल्हापुरात आम्ही कॅथलिक मोजकेच. 2005 साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, त्यात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या जोडीनं आमचा कोल्हापूर जिल्हा आला. महागुरूंचं, म्हणजे बिशपांचं, ठाणं सावंतवाडीला, म्हणजे आंबोलीचा घाट उतरून गेल्यावर. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आलेल्यांत कुणाचं मूळ गोव्याचं, कुणाचं कोकणातलं, कुणाचं इथल्याच मातीतलं. मिस्सा संपल्यावर बाहेर मात्र सगळे एकाच बोलीत, "काय भावा, दिसला नाहीस लई दिवस."

हे वाक्य त्या दिवशी मला तीन जणांनी ऐकवलं. ते खरंच होतं. चार वर्षं मी त्या दारातून आत गेलो नव्हतो. ही फिल्म करायला घेतली तेव्हासुद्धा ठरवलं होतं की मी कॅमेऱ्यामागंच थांबणार. आई, चर्च, उपवासकाळ, बाकीची माणसं, हे सगळं दाखवायचं. आपण दिसायचं नाही.

(दृश्य : भिंतीवर वडिलांचा फोटो. फोटोमागं खोचलेली वाळकी झावळी.)

2021 च्या मे महिन्यात बाबा गेले. दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. आठव्या दिवशी फोन आला. माती द्यायला आम्ही चौघं, तेही लांब उभे. रविवारच्या मिस्सेनंतर मटण आणून, पांढरा रस्सा उकळायला लागला की चमचाभर चाखून "अजून एक कढ येऊ दे" म्हणणारा माणूस. त्याचं तोंडही शेवटचं बघायला मिळालं नाही.

त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद झाली. ठरवून नव्हे. 'आमच्या स्वर्गातील बापा' एवढं म्हटलं की पुढचं येईना. बाप हा शब्दच घशात अडकायचा.

दोनच महिन्यांनी जुलैचा पूर आला. धोक्याची पातळी 43 फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 56 फुटांच्या वर. 2019 च्या पुराला दोन वर्षं झाली नव्हती तोवर पुन्हा. उपवासकाळ कधीच सरला होता, तरी आईनं फळीवरचा डबा खाली काढला आणि मूठ टाकायला सुरुवात केली. मी संतापलो. म्हटलं, "ज्यानं बाबांना नेलं त्याच्याच नावानं अजून तांदूळ टाकतेस?"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "शिरोळकडची माणसं शाळांतनं येऊन राहिल्यात. त्यांना भात लागतो."

(थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज.)

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल सलग बोलतो, आणि तिन्ही ठिकाणी एकच बजावतो : लोकांना दिसावं म्हणून करू नका. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ही तीन वेगवेगळी कामं म्हणून पाठ केली होती. तीन शीर्षकं, तीन उत्तरं. आईच्या ओट्यापाशी कॅमेरा लावून बसलो तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तिच्याकडं हे सगळं एका मुठीत होतं. ताटातलं कमी होणं हा उपवास, डब्यात पडणं हे दान आणि ओठ हलणं ही प्रार्थना. मला वाटतं, ही तिन्ही मी कायम वेगवेगळी शोधली आणि म्हणूनच मला एकही जमलं नाही.

उपवासाचा नियम तसा सोपा आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण, शुक्रवारी मांस नाही. एका जेवणाचं बंधन अठरा वर्षं पुरी झालेल्यांपासून साठीत पाऊल टाकेपर्यंत. आईला आता ते लागू नाही. तिला सांगून बघा. आमच्या घरात चाळीस दिवस मटण शिजतच नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे सोपं नाही, इथं रविवार उजाडतो तोच मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत. त्या मटणाचे पैसे एका पाकिटात जातात. कॅरितास इंडियाची उपवासकाळातली मोहीम असते, भुकेच्या आणि आजाराच्या विरोधात. ते पाकीट तिकडं.

(दृश्य : संध्याकाळ. उसाच्या फडालगत पालं. धूर.)

आईच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, निवृत्त नर्स. चेहरा दाखवायचा नाही या अटीवर त्यांनी आम्हाला बरोबर येऊ दिलं. दर शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना, झाली की त्या आणि आणखी दोघीतिघी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जातात. बीडकडनं आलेली माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल त्या कोयत्यानं फेडायची असते. पहाटे अंधारात फडावर जायचं, मुलं कोपीत.

(दृश्य : जवळून. एका बाईची पोटरी, मावशींचे हात.)

या बाईच्या पोटरीला कोयत्याचं टोक लागलंय. पाच दिवस झाले. हळद भरून वर फडकं बांधलंय आणि फडकं जखमेला चिकटलंय. मावशी ते ओढत नाहीत. उकळून गार केलेलं पाणी थोडं थोडं सोडतात आणि थांबतात. परत सोडतात, परत थांबतात. दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात त्या तिला विचारून घेतात, मुलं किती, गाव कुठलं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं. फडकं आपसूक सुटतं. मग साबण, स्वच्छ गॉज, पट्टी. उद्या सरकारी दवाखान्यात कोण घेऊन जाणार हेही तिथंच ठरतं.

परतताना मी विचारलं, "मावशी, या वेळी मनात प्रार्थना म्हणता का?"

"जखम बघत असते रे बाळा. ते म्हणायचं ते आधी म्हणून येते."

त्यांचा आणखी एक कडक नियम आहे. कोपीवर कुणालाही चर्चला या म्हणायचं नाही. देवाचं नाव काढायचं ते समोरच्यानं काढलं तरच. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "दुखत असलेल्या माणसाला काही विकायचं नसतं." हे वाक्य फिल्ममध्ये ठेवू का, म्हणून मी त्यांना दोनदा विचारलं. ठेव म्हणाल्या.

मार्चच्या मध्याला कारखान्यांचा पट्टा पडला, गाळप संपलं. कोप्या मोडल्या, ट्रॅक्टर भरून माणसं गावाकडं निघाली. पुढच्या शुक्रवारी मावशी सीपीआरला, कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात. पेशंटच्या नातेवाइकांना भाताचे डबे. आईच्या डब्यातले तांदूळ तिथं शिजून पोचले.

(दृश्य : शहर. गल्ली, गुढ्या, मशिदीवरची रोषणाई.)

यंदा सगळंच एकत्र आलं. रमजान आणि उपवासकाळ एकाच महिन्यात. शेजारच्या चाचींचा रोजा सुटायचा आणि आमच्याकडं खजूर यायचे. 30 मार्चला पाडवा, दुसऱ्या दिवशी ईद. 12 एप्रिलला चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा, गुलालानं लाल झालेला डोंगर आणि वाटेवर ठिकठिकाणी येईल त्याला जेवण. 13 तारखेला आमचा झावळ्यांचा रविवार. ईस्टरची तारीख पौर्णिमेवरच ठरते, त्यामुळं पवित्र आठवड्याच्या आसपासचा चंद्र आम्ही आणि जोतिबाचे भक्त बहुतेक वर्षी मिळूनच बघतो.

(दृश्य : चर्चच्या आत. पापनिवेदनाची जागा. रिकामी खुर्ची.)

इथं कॅमेरा बंद होता. त्या आठवड्यात मी पापनिवेदनाला गेलो. काय बोललो ते माझ्यात आणि देवात. शेवटी म्हटलं, "फादर, प्रार्थना करायला बसलो की आत काहीच नसतं. कोरडं." त्यांनी मदर तेरेसांची आठवण करून दिली. 2007 साली त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कितीतरी दशकं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवतच नव्हतं. प्रार्थना चालू, माणसं उचलणं चालू, आत अंधार. 2016 साली ख्रिस्तसभेनं त्यांना संत म्हणून जाहीर केलं, हा अंधार माहीत असूनच.

प्रायश्चित्त म्हणून मला मिळालं ते एवढंच : रोज रात्री आईशेजारी बसून रोझरीचे, म्हणजे जपमाळेचे, दहा मणी.

पहिल्या रात्री आवाज आईचा, माझे नुसते ओठ. चौथ्या की पाचव्या रात्री ती दमून पाचव्या मण्यावर पेंगली. कुणीतरी पुढं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं. सहावा, सातवा, आठवा. ती जागी झाली तेव्हा मी दहाव्यावर होतो. काही बोलली नाही, माळ माझ्याच हातात राहू दिली.

दान मी काय दिलं ते इथं सांगणार नाही. डाव्या हाताला कळू नये असं सांगितलंय. एवढंच सांगतो की देताना माप पुन्हा भरलं नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणारी विधवा शुभवर्तमानात येते, तिच्याबद्दल शेकडो वेळा ऐकलं होतं. टोली हे अगदी हलकं नाणं. त्या बाईकडं दोन होती, एक ठेवून घेता आली असती, हे मात्र याच वर्षी ध्यानात आलं.

(दृश्य : 19 एप्रिल. रात्र. चर्चबाहेर पेटवलेला अग्नी.)

पुनरुत्थानाची जागर-रात्र. दिवे बंद. पास्काच्या मेणबत्तीवर फादर क्रूस कोरतात, आणि वर्षाचे चार आकडे : 2, 0, 2, 5. मेणबत्ती अंधारातून पुढं जाते. तिच्यावरून एक ज्योत, त्या ज्योतीवरून दुसरी, मग रांगच्या रांग. आईच्या हातातली मेणबत्ती वाकडी झालीय, मेण बोटावर गळतंय.

मग बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण. लहानपणी आईबापांनी आमच्या वतीनं दिलेली उत्तरं, दर वर्षी या रात्री आपल्या तोंडानं द्यायची. फादर विचारतात, सगळे मिळून उत्तर देतात.

संकलनाच्या टेबलावर साऊंड बघणारा पोरगा हा भाग पुन्हा पुन्हा ऐकत होता. म्हणाला, "दादा, हितं एक आवाज माइकच्या लई जवळ आलाय. फुटलाय. बाकी सगळ्यांना दाबतोय. काढून टाकू?"

मी म्हटलं, "राहू दे."

(निवेदन थांबतं. चर्चमधला मूळ आवाज. फादरांचा प्रश्न. गर्दीचं उत्तर, आणि त्यावर चढलेला कॅमेऱ्यामागचा एक आवाज : "होय, माझा विश्वास आहे.")