मामाची तार

[दृश्य: लालबागमधल्या चाळीची गॅलरी. पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाकवलेली जाड तार.]

तारेला दोन उंच सुळके काढलेत. हा म्हणे वांद्रे-वरळी सी लिंक. हातातली कडी या टोकापासून त्या टोकाला न्यायची, तारेला लागू द्यायची नाही. लागली की बझर बोंबलणार.

9 व्होल्टची बॅटरी आणि बझर लॅमिंग्टन रोडवरून आणलाय. पाटीवर भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून त्या नावाने रस्ता विचारून बघा! तार मात्र मामाच्या दुकानातली. मामा पंख्यांचं, मोटारींचं वाइंडिंग करतो.

जोडणी सोपी. बॅटरीचा प्लस बझरच्या लाल वायरला, बझरची काळी वायर सी लिंकला, मायनसची लांब वायर कडीला. सर्किट एकाच जागी तुटलेलं: कडी आणि तार यांच्यामध्ये.

[दृश्य: भाचीचा हात, कडी.]

सातवीतली भाची पहिला सुळका चढली, उतरली, दुसराही. आवाज नाही. जिंकली? तिला शंका आली. कडी मुद्दाम तारेवर घासली. तरी शांतता. बझर थेट बॅटरीला लावला, तर शेजारच्या काकू बाहेर आल्या.

"मामा, तुझी तार खराब आहे."

"खराब नाय गं. पॉलिश पेपर आण."

वाइंडिंगची तार तांबूस चकाकते, म्हणून उघडी वाटते. तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो, तो वीज जाऊ देत नाही. मोटारीत तारेचे शेकडो वेढे एकमेकांना खेटून बसतात. थर नसता तर वीज वेढे घेत फिरलीच नसती, आडवाटेने पलीकडे गेली असती. मोटार वाचवणारा तोच थर इथे खेळ अडवून बसला होता. मामाला हे तार कापतानाच माहीत असणार. मुद्दाम गप्प बसलात का, विचारलं, तर नुसता हसतो.

तार घासली, कडी घासली, जोडणीची टोकंही. दोन्ही बाजूंना टेप गुंडाळली, कडी टेकवून ठेवायला. आता भाचीला बझरसोबत लाल एलईडीही हवाय. तो थेट 9 व्होल्टला लावला तर जळेल. 470 ओहमचा रेझिस्टर मध्ये घातला की सुमारे 15 मिलिअँपिअरवर निवांत पेटतो.

[दृश्य: संध्याकाळ. मामा कडी हातात घेतो.]

दोन्ही सुळके पार. जराही आवाज नाही. गॅलरीत टाळ्या.

भाची टाळ्या वाजवत नाही. ती मामाच्या हातातली कडी घेते आणि तारेला टेकवून बघते.

बझर वाजतो.